साडेपाच तासांचे अंतर

बंद पडलेले घड्याळ मुकाट्याने आपले अज्ञान कबूल करते. खरा ताप असतो तो चुकीची वेळ ठामपणे सांगणाऱ्या घड्याळाचा. त्याच्यावर विश्वास ठेवणारा भला माणूस हळूहळू स्वतःविषयीच साशंक होऊ लागतो.

आमच्या अण्णांचे तसेच झाले. वय ८२. पहाटे साडेचारला उठून चहापूर्वी संगणकावर रोजनिशीच्या चार ओळी लिहायच्या, हा त्यांचा जुना नेम. तारीख-वेळ यंत्रच घालते. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि नव्या आवृत्तीने या म्हाताऱ्या यंत्राला दारातूनच परत पाठवले, तेव्हा माझ्या भाच्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. जुनी विंडोजही राहू दिली. कारण अण्णांचे सारे लेखन जुन्या धर्तीच्या मराठी टंकातले, ते तिथेच नीट उमटते. फक्त तिची इंटरनेटची जोडणी सुरक्षिततेसाठी तोडली.

पंधरा दिवसांनी अण्णा हळूच म्हणाले, "अरे, माझे दिवस चुकायला लागलेत. मंगळवारी लिहितो आणि रोजनिशीत सोमवार निघतो!"

त्यांच्या थोरल्या भावाची अखेरची वर्षे विस्मरणात गेली होती. मला हसू आले नाही.

दुकानदाराचे निदान तयार होते : आतली रुपयाएवढी बॅटरी संपली. पण ती संपली, की तारीख वर्षानुवर्षे मागे जाते. इथे फरक रोज नेमका साडेपाच तासांचा, आणि आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या तेवढीच पुढे! संगणकाच्या पोटात घड्याळ एकच. लिनक्स त्यात जागतिक वेळ लावते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. विंडोज तीच स्थानिक वेळ समजून जशीच्या तशी दाखवते. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत तिच्या लेखी कालचाच दिवस. तिथे वेळ दुरुस्त करावी, तर लिनक्स पुढे धावते. एका चुलीवर दोन सुगरणी, दुसरे काय!

उपाय एका ओळीचा निघाला. यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळेचेच मानत जा, अशी आज्ञा लिनक्सला दिली आणि वेळ पुन्हा लावली. उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करणाऱ्या देशांत हा उपाय थोडा जोखमीचा. आपल्याकडे ती भानगड नाही.

हे सारे मी वर्गात शिकवावे तसे पाल्हाळ लावून सांगत होतो. अण्णांनी मध्येच थांबवले. "म्हणजे मुंबई टाइमच की रे!"

त्यांचे बालपण गिरगावातले. देशाने १९०६ साली प्रमाणवेळ स्वीकारली, तरी मुंबईने १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ सोडली नव्हती. किती वाजले म्हणून विचारले, तर "कोणत्या टाइमाने?" असा उलट प्रश्न यायचा, असे अण्णा सांगतात.

त्याच दुपारी त्यांनी रोजनिशीतल्या चौदा नोंदींच्या तारखा एकेक करून स्वतः सुधारल्या. चश्मा पुसून पुन्हा एकदा ताडून पाहिल्या.

"मुंबईने निदान ३९ मिनिटांवर भागवले होते," ते म्हणाले, आणि आत वळून त्यांनी चहा मागितला.