बिब्ब्याची फुली

माळेगावच्या जत्रेत गारुड्याचा खेळ लागला की आम्ही पोरं रेटून पुढं बसायचो. तो रिकामा हात उलटासुलटा करून दाखवायचा आणि त्याच हातातून रुपया काढायचा. आजी म्हणायची, "नजरबंदी हाय ती, बाबा." तिच्या बोलण्यात भीती नसायची, कौतुक असायचं. गारूड हा शब्दच मुळी गरुडाचा, सापाचं विष उतरवणाऱ्या विद्येचा. पैठणच्या एकनाथांनी भारुडात गारुडी आणला तो परमार्थ सांगायला. आजही एखाद्या गाण्यानं गारूड केलं, असं आपण प्रेमानं म्हणतो.

भानामतीचं नाव निघालं की मात्र त्याच आजीचा आवाज खाली यायचा. आमच्या नांदेड-लातूरकडं तिची दहशत फार. वाळत घातलेलं लुगडं पेटतं, पत्र्यावर दगड पडतात, बाया कुत्र्यागत भुंकतात, अंगावर आपोआप काळ्या फुल्या उठतात.

फुल्यांचं मला आजीच्याच फडताळात उमगलं. तिथं बिब्बे असत. ती सुई दिव्यावर तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि सुईला लागलेलं काळं तेल टाचेच्या भेगेत भरायची. बिब्ब्याच्या आतली गोडंबी हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत पडे. पण तेच तेल नाजूक कातडीला लागलं तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आग होऊन फोड येतो. फुली उततेय तोवर ती काढणारा हात कधीच बाजूला झालेला असतो.

गारुडी हात दाखवून फसवतो, भानामतीत हातच लपलेला असतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत बसून विचारपूस केली, तेव्हा तो हात बहुतेकदा घरातलाच निघाला. पुष्कळदा जिचं कुणी ऐकत नाही, अशा सुनेचा किंवा पोरीचा. आणि करणीचा आळ जायचा गल्लीतल्या एखाद्या एकट्या बाईवर. मला दोघींचंही वाईट वाटतं.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात याच चळवळीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी-भानामतीच्या नावानं कुणाला छळणं आता गुन्हा आहे. तरी पोलीस येईपर्यंत घरात आपणच असतो. म्हणून सांगतो, घरातल्या बाईच्या अंगावर फुली दिसली तर मांत्रिकाला बोलावू नका. तिला दवाखान्यात न्या, आणि वाटेत हळूच विचारा, "माय, तुला काय होतंय?"