रीस्टार्टचा हुकूम कोणाचा?

नांदेड

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले, मजकूर कळला. सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक चालता चालता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, या तक्रारीवर बाजारात जो सल्ला सर्रास मिळतो, म्हणजे आधी एसएमपीएस बदला, त्याने नाही भागले तर रॅम बदला, त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु त्यात एक पायरी गाळलेली असते. रीस्टार्ट ही बहुतेक वेळा संगणकातल्या कोणत्या तरी रखवालदाराने धोका दिसताच केलेली कारवाई असते, आणि असे रखवालदार एकाहून अधिक असल्यामुळे हुकूम नेमका कोणाचा होता हे ठरविल्याशिवाय भाग बदलत गेल्यास पैसा जातो आणि दोष जागेवरच राहतो.

पहिला रखवालदार एसएमपीएसमध्ये बसलेला असतो. एसएमपीएस म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश पुरवठा तयार करणारी पेटी. इंटेलने १९९५ साली आखून दिलेल्या एटीएक्स या मानकानुसार ही पेटी वीज पुरविण्याबरोबरच ‘वीज ठीक आहे’ असा ५ व्होल्टचा संकेत एका स्वतंत्र तारेवरून मदरबोर्डला सतत देत असते. रंगीत केबलमध्ये ही तार करड्या रंगाची असते, हल्लीच्या सरसकट काळ्या केबलमध्ये ती ओळखू येत नाही. हा संकेत क्षणभर जरी पडला तरी मदरबोर्ड प्रोसेसरला जागच्या जागी थांबवितो आणि संकेत परतताच सगळे पहिल्यापासून सुरू करतो. भिंतीतली वीज तुटल्यावर पेटीने आपल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद तग धरावा, अशी या मानकाची जुनी अपेक्षा आहे. मिलिसेकंद हा सेकंदाचा हजारावा भाग होय. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, तेव्हा हा तग पुरत्या एका आवर्तनाचाही नाही, आणि कपॅसिटर उन्हाळ्यामागून उन्हाळे तापून जुने झाले की तो आणखी घटतो.

मराठवाड्यातल्या घरांत या आकड्याचा थेट संबंध इन्व्हर्टरशी येतो. भारनियमनाच्या वर्षांत नांदेड-लातूरकडच्या घरोघरी जे इन्व्हर्टर बसले, ते पंखे आणि दिवे चालविण्यासाठी घेतलेले होते, आणि लाइट गेल्यावर पंखा मंदावण्याआधी बॅटरी चालू झाली म्हणजे घरच्यांचे समाधान होत असे. अशा बहुतेक इन्व्हर्टरांच्या पाठीमागे एक लहान खटका असतो, ज्याच्या एका बाजूस ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूस ‘नॉर्मल’ किंवा तत्सम शब्द छापलेला असतो. यूपीएस बाजूस बॅटरीवर जाण्याचा बदल साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदांत उरकतो. नॉर्मल बाजूस तो बराच रेंगाळतो, शिवाय भिंतीतले व्होल्टेज शंभरच्या आसपास उतरेपर्यंत इन्व्हर्टर तीच मरतुकडी वीज संगणकाकडे ढकलत राहतो. ट्यूबलाइट किंचित लवते, पंख्याला काही कळत नाही, आणि संगणक मात्र रीस्टार्ट होतो. त्यातही इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह जातीचा असेल, म्हणजे त्याची वीज गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यांसारखी चढत-उतरत असेल, तर नव्या धाटणीचे कित्येक एसएमपीएस तिच्यावर नीट चालत नाहीत. म्हणून चिरंजीवांनी सर्वांत आधी हातातले काम सेव्ह करून घरचा मुख्य एमसीबी मुद्दाम खाली पाडावा. असे केल्यावर दर वेळी संगणक रीस्टार्ट होत असेल, तर कॅबिनेट उघडण्याचे कारण उरत नाही. खटका यूपीएसकडे करावा, आणि तेवढ्याने न भागल्यास संगणकापुरता छोटा यूपीएस वेगळा घ्यावा.

लातूरच्या वस्तीत याहून सूक्ष्म असा एक प्रकार आढळतो. मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या या शहराला पाण्याची ओढ जुनीच आहे, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले हे तर देशाने पाहिले. नळाला पाणी रोज येत नसले की ज्या दिवशी ते येते त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक मोटार एकाच तासात सुरू होते. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज क्षणभर ओढते, त्यामुळे एकाच डीपीवरच्या, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या घरांचे व्होल्टेज त्या क्षणी खाली बसते. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ च्या दरम्यान असावा असा दंडक आहे. तो गल्लीच्या शेवटच्या घरात पाण्याच्या दिवशी पाळला जातो की नाही, हे त्या घरातला मिक्सर सांगेल. एसएमपीएसच्या लेबलावर काही ठिकाणी १०० ते २४० आणि स्वस्त पेट्यांवर २०० ते २४० असे छापलेले असते, आणि हा फरक विकत घेताना कोणी वाचत नाही. चिरंजीवांच्या पत्रात रीस्टार्टची वेळ दिलेली नाही. ती वहीत टिपून ठेवावी व शेजारी नळाचा दिवस लिहावा, कारण दोन्ही रकाने जुळू लागले तर निदान वहीतच झाले.

अशाच कारणाने लातूरला रोज अडखळणारा संगणक अहमदपूर-लोहा मार्गे नांदेडला आणून दुकानात लावला की दिवसभर निमूट चालतो, आणि दुकानदार ‘मशीन ओके आहे’ म्हणून परत देतो. दुकानदार खोटे बोलत नाही. त्याच्याकडे भिंत वेगळी असते, सॉकेट वेगळा असतो, आणि बहुधा संगणकाच्या एक्स्टेंशन बोर्डावर डेझर्ट कूलर लावलेला नसतो. घरच्या बोर्डावरचा थ्री-पिन प्लग काढून त्याचे पाय पाहावेत. ते काळवंडलेले असतील, भोवतालचे प्लास्टिक पिवळे पडून किंचित वितळलेले असेल, तर आतली पकड सैल आहे, आणि कूलरचा पंप धडधडला की तेथे जोड क्षणभर सुटतो. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तुटलेले आहे असे समजावे. एसएमपीएसमधले गाळणीचे कपॅसिटर थोडी वीज पत्र्याकडे सोडतात, आणि तिला जमिनीची वाट मिळाली नाही की पत्र्यावर मुख्य पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसते. काळ्या जमिनीत पुरलेले अर्थिंग पावसाळ्यात उत्तम असते, पण वैशाखात तीच जमीन भेगाळून प्लेटपासून सुटते, म्हणून जुने वायरमन त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायला सांगत. गल्लीत एका घरी दिवे मंद आणि शेजारी एकदम प्रखर, असे दिसल्यास डीपीवरचा न्यूट्रल सैल झालेला असतो. अशा वेळी संगणकाचा विचार बाजूला ठेवून मेन स्विच बंद करावा व महावितरणला कळवावे, कारण प्रखर दिव्यांच्या घरात व्होल्टेज चारशेकडेही जाऊ शकते.

भिंत निर्दोष ठरली की मग दुसऱ्या रखवालदाराची, म्हणजे विंडोजची, साक्ष काढावी. इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल खुणेची नोंद सापडते, आणि हेच कारण असे समजून पुष्कळ लोक तेथेच थांबतात. वास्तविक ती नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू झाल्यावर लिहिलेली असते, आणि मागचा शेवट रीतसर झाला नव्हता एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ या नावापुढचा आकडा शून्य असेल, तर विंडोजला काही लिहिण्याची सवडच मिळाली नाही, म्हणजे हुकूम खालच्या थरातून, विजेकडून किंवा मदरबोर्डकडून, आला होता असे मानण्यास जागा आहे. आकडा शून्याहून वेगळा असेल, तर विंडोजने स्वतः यंत्र थांबविलेले असते. येथे एक गफलत नेहमी होते: मायक्रोसॉफ्टच्या यादीत षोडशमान पद्धतीने १२४ असा दिलेला संकेत, ज्याचा अर्थ हार्डवेअरमधली न सावरता येणारी चूक असा आहे, तो या नोंदीत दशमान पद्धतीने २९२ असा दिसतो, आणि २९२ शोधत बसणाऱ्यास काहीच हाती लागत नाही. निळा पडदा वाचता यावा म्हणून सिस्टिम फेल्युअरच्या चौकटीतली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ ही खूण काढून ठेवावी. ती खूण मुळात चालू असते, हे सोयीचे मुळीच नाही.

कॅबिनेटच्या आत जावेच लागले तर फुकटातल्या गोष्टी आधी पाहाव्यात. समोरच्या रीसेट बटणाची दोन पायांची तार मदरबोर्डवरून सरळ उपटून ठेवावी, कारण स्वस्त कॅबिनेटमध्ये ते बटण आत अडकून राहते. मदरबोर्डखाली पितळी आधार-स्क्रू नको त्या जागी राहून गेला असेल तर तो पाठीमागच्या सांध्यांना टेकून शॉर्ट करतो. घरी जोडलेल्या संगणकाचा हा खास रोग आहे, तयार संगणकात तो क्वचितच दिसतो. रॅमला जाहिरातीतला वेग देणारी एक्सएमपी ही सोय बंद करून पाहावी, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून एकही चूक निघाल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. उष्णतेवर मात्र उगाच आळ येतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचू लागला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्यानेही न भागल्यास यंत्र पूर्ण बंद होते; लगेच उठून उभे राहत नाही. फक्त गेम खेळताना रीस्टार्ट होत असेल तर ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या दुपटीच्या आसपासही वीज ओढू शकते, हे ध्यानात घ्यावे. त्या झटक्याला एसएमपीएसची पेटी कमी पडते, आणि तेव्हा ती बदलण्याचा बाजारातला सल्ला योग्य ठरतो.

घरी दोष मुद्दाम घडवून आणावा, या आग्रहामागे मोठा दाखला आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार रीसेट होऊ लागला. ठरावीक काम वेळेत न झाल्यास यंत्र नव्याने सुरू करणारा त्याचा पहारा-घड्याळ नावाचा भाग चोख काम करीत होता. दोष असा होता की हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम एक सामाईक साधन अडवून बसे, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि सर्वांत महत्त्वाचे काम ताटकळत राही. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच प्रसंग पुन्हा घडविला, तेव्हा कारण सापडले, आणि एक बंद ठेवलेली सोय चालू करून ते दुरून दुरुस्तही झाले. त्यांना मंगळावर जाऊन रॅम बदलण्याची सोय नव्हती, हे एका परीने बरेच झाले.

एसएमपीएसची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तीनशे व्होल्टांहून अधिक वीज काही काळ धरून ठेवतो. येत्या एसटीने मल्टिमीटर पाठवीत आहे. त्याने पिवळ्या व काळ्या तारेमधले व्होल्टेज संगणकावर भार असताना मोजावे, ते ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. मात्र क्षणिक घसरण हा मीटर पकडू शकत नाही, तेव्हा आकडा बरोबर आला म्हणून इन्व्हर्टरला निर्दोष ठरवू नये. भिंतीतले मोजमाप वायरमनकडून करून घ्यावे. वहीतल्या नोंदींची नक्कल आणि बगचेककोडचा आकडा उलट टपाली कळवावा. ताईंना नमस्कार सांगणे. बहुत काय लिहिणे, हे आशीर्वाद.

मामा