कर्ता

मराठीत ताप येतो, भूक लागते, झोप लागते. तसेच व्यसनही लागते. ‘त्याला दारू लागली’ असे कोणी म्हणते तेव्हा त्या वाक्यात करणारी दारू असते आणि माणूस नुसता सोसणारा. ‘तो दारू प्यायला लागला’ असे म्हटले की तोच माणूस कर्त्याच्या जागी येऊन बसतो. घटना एकच, पण आई पहिले वाक्य बोलते आणि सासरा दुसरे. सुटण्याच्या बाबतीतही तेच. ‘त्याने दारू सोडली’ असे मित्र अभिमानाने सांगतो. बायको मात्र हळूच ‘यांची दारू सुटली’ म्हणते आणि सारे श्रेय गळ्यातल्या तुळशीच्या माळेला देऊन मोकळी होते. व्यसनाला जबाबदार कोण, हा प्रश्न डॉक्टरांकडे, न्यायाधीशांकडे किंवा सरकारकडे जाण्यापूर्वी असा घराच्या ओट्यावर निकालात निघालेला असतो, आणि तो निकाल बोलणाऱ्यागणिक बदलतो.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत रंगभूमीवर आले. गेली शंभर वर्षे महाराष्ट्र या नाटकाकडे दारूच्या दुष्परिणामांचा धडा म्हणून पाहत आला आहे. परंतु दोष कोणाच्या पदरात घालायचा, या प्रश्नाचेही ते नाटक आहे. सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील. कोर्टात अपमान होतो, काही काळासाठी सनद जाते, आणि त्या संतापाच्या घटकेला तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. मग दोषी कोण? तळीराम म्हणावे, तर तो स्वतःच दारूपायी मरतो. कोर्ट म्हणावे, तर अपमान सोसणारे वकील काही थोडे नसतात, आणि ते सगळे पीत नाहीत. सुधाकरचा मानी स्वभाव म्हणावे, तर त्याच स्वभावावर त्याचे सारे कर्तृत्व उभे होते. गडकऱ्यांनी दोषाचा हिशेब असा सुटू दिलेला नाही. किंमत मात्र कोणी मोजली याविषयी शंकेला जागा ठेवलेली नाही. माहेरची मदत नाकारून सिंधू दुसऱ्यांचे दळण दळते, तान्हे मूल गमावते आणि मरणाच्या दारातही नवऱ्यावर ठपका येऊ देत नाही. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक ढसढसा रडले. ते रडणे खरेच होते. पण त्यात एक सोयही होती. साध्वी म्हणून तिला हात जोडले की तिच्या पाठीवरचे ओझे मुळात कोणाचे, हे विचारावे लागत नाही. तळीरामाची बायको गीता फटकळ आहे, नवऱ्याचे पिणे ती पुण्य समजून सोसत नाही. तिच्यासाठी कोणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही.

वैद्यकाने या प्रश्नाला पुष्कळ वेगळे वळण दिले. अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पुढे असे दिसले की या व्यसनाच्या धोक्यातला सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. म्हणजे एकाच टेबलावर बसलेल्या चार मित्रांतल्या एकाचा पहिला प्याला इतर तिघांच्या पहिल्या प्याल्यासारखा नसतोच. सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणून जो पितो, त्याला ‘मनावर घे’ म्हणून सांगणे हे दमेकऱ्याला नीट श्वास घे म्हणून सांगण्यासारखे आहे. आणि तरीही, १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांच्या भेटीतून उभ्या राहिलेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ने आपल्या पहिल्याच पायरीवर दारूपुढची हतबलता कबूल करायला लावली, आणि पुढच्या पायऱ्यांवर ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करून होईल तेवढी भरपाई करायला सांगितली. लागण्याचा दोष आणि सुटण्याची जबाबदारी या दोन निरनिराळ्या खात्यांवरच्या रकमा आहेत, हे त्या पिणाऱ्यांनी विद्वानांच्या आधी ओळखले असावे.

कायदा इतका खोलात जात नाही. जुन्या दंडसंहितेत होती तीच तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आहे: नशेत शुद्ध हरपून केलेल्या कृत्याला माफी मिळते ती नशा नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली गेली असेल तरच. शंभराव्या प्याल्याच्या वेळी इच्छा नावाची वस्तू किती शिल्लक होती, हे तेथे कोणी विचारत नाही.

सरकारविषयी बोलताना हसावे की रडावे ते समजत नाही. संविधानाचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करायला सांगते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा अशी अपेक्षाही आहे. तो परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! दुसरीकडे त्याच दारूच्या उत्पादन शुल्कावर तिजोरी भरते. गावातले दुकान बंद करायचे तर बायांनी मतदान करावे, उभी बाटली की आडवी बाटली. त्यातही एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडवीला हवीत. म्हणजे त्या दिवशी जी बाई मजुरीला गेली, तिचे न दिलेले मत दुकानाच्या बाजूने मोजले गेल्यासारखेच. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली.

अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी हात पुढे केला, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तेथे बायकांचाही एक गट भरू लागला, ‘सहचरी’ नावाचा. व्यसन नवऱ्याचे आणि बैठक बायकोची, हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण व्यसनी माणसाच्या घरात कर्ता पुरुष नावापुरता उरतो आणि कर्तेपण सगळे तिच्याकडे येते. दुकानाची उधारी ती फेडते. मुलांना ‘बाबांना बरे नाही’ म्हणून ती सांगते. गहाण पडते ते तिचे डोरले. आणि हे सारे करताना ती त्याच्या व्यसनाचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. हे तिला सांगणे फार अवघड आहे. ‘म्हणजे चूक माझीच?’ असे तिने विचारले तर काय उत्तर द्यायचे? सासरच्यांनी तिला वर्षानुवर्षे हेच तर ऐकवलेले असते. चूक तिची नाही. पण जे ओझे तिचे नाही ते खाली ठेवण्याची मुभा तिला कोणीतरी द्यावी लागते, आणि ठेवल्यावर घर कोसळले तर तिच्या पाठीशी माणसे उभी असावी लागतात. मारहाण असेल तेथे तर आधी तिने आणि मुलांनी सुरक्षित जागी जायचे. बाकीचे सगळे नंतर.

बहुतेक वेळा सुरुवात एखाद्या किरकोळ गोष्टीपासून होते. नवरा सकाळी उठू शकत नाही. इतकी वर्षे अशा दिवशी तिने त्याच्या कचेरीत फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ म्हणून सांगितलेले असते. त्या दिवशी ती फोन उचलत नाही. डबा भरते, मुलांच्या वेण्या घालते, आपल्या कामाला निघून जाते. अकराच्या सुमारास कचेरीतूनच फोन येतो. घरात तो एकटाच असतो, आणि तो त्यालाच घ्यावा लागतो.