गॅलरीची रुंदी

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षी एका सत्रासाठी मी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात शिकायला गेले, ती खरं तर आर्किटेक्ट अल्वारो सिझा यांच्या इमारती बघायला. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर त्यांच्या इमारतींचे फोटो चिकटवलेले होते. बरोबर मडगावची एक मैत्रीण आणि नागपूरचा एक मुलगा असे आम्ही तिघं. फेब्रुवारीत पोचलो तेव्हा पाऊस लागून राहिला होता. जुन्या घरांच्या भिंती जाड ग्रॅनाइटच्या आणि आत हीटर नाही, त्यामुळे थंडी हाडात शिरायची. धुतलेली जीन्स चार दिवस वाळत नसे. रस्ते चढउतारांचे, दगड ओले. पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंही एकेकदा घसरून पडलो.

आर्किटेक्चरचं कॉलेज सिझांनीच उभं केलेलं, दोरो नदीच्या काठी उतारावर. नदीच्या बाजूला स्टुडिओंच्या पांढऱ्या इमारती रांगेनं उभ्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. आत गेल्यावर काचेची मोठी भिंत असेल, सगळी नदी दिसेल असं वाटलं होतं. तसं नाही. भिंतीत बेतानं एक खिडकी, आणि तेवढ्यातूनच दिसणारं पाणी. पहिले काही दिवस मला ते कंजूषपणाचं वाटलं. नंतर लक्षात आलं की मान वर करून त्या तेवढ्या पाण्याकडे मी रोज बघते. घरासमोरच्या सबंध टेकडीकडे पुण्यात कधी बघितलं नव्हतं.

मी लॅपटॉपवर रेंडर करण्यात तरबेज होते. पहिल्याच चर्चेला मी आमच्या साइटचं संध्याकाळच्या उजेडातलं चित्र दाखवलं. सरांनी ते शांतपणे बघितलं आणि विचारलं, "त्या घराच्या दारात पायरी किती उंच आहे?" मला माहीत नव्हतं. त्यांनी एक मऊ पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. पुढचे सहा आठवडे डिझाइन नाही, फक्त मोजायचं आणि हातानं काढायचं, असं ठरलं.

आमची साइट म्हणजे एक 'इल्या'. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ बेट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिन्यो भागातल्या खेड्यांतून माणसं पोर्तोच्या कापड गिरण्यांत कामाला आली. त्यांना राहायला जागा हवी होती, म्हणून मध्यमवर्गीय घरमालकांनी आपल्या घरामागच्या लांबट, अरुंद जागेत खोल्यांची रांग बांधून भाड्यानं दिली. रस्त्यावरून बघितलं तर टाइल लावलेलं सभ्य घर दिसतं. त्याच्या बाजूच्या दारातून आत शिरलं की बोळ, आणि बोळाच्या कडेनं सोळा-सोळा चौरस मीटरची घरं. नळ आणि संडास सामाईक, अगदी टोकाला. अशी बेटं त्या शहरात शेकड्यांनी बांधली गेली, आणि कित्येकांत आजही माणसं राहतात.

सर हे सांगत होते आणि मी मनात हिशेब करत होते. सोळा चौरस मीटर म्हणजे एकशे बहात्तर चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळींची खोली एकशे साठ. माझ्या आजीची लालबागच्या चाळीतली खोली याच मापाची होती. मिन्योच्या जागी कोकण ठेवलं की बाकी गोष्ट तीच. पुढे सर म्हणाले की 1899 मध्ये पोर्तोत प्लेग आला आणि अधिकाऱ्यांचं लक्ष या बेटांकडे गेलं. मुंबईत प्लेग आला 1896 ला, आणि त्यानंतर दोन वर्षांत शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. मी हे वर्गात सांगितलं. सर खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "चाळीचा प्लॅन काढून दाखव." मला दोन चौकटी आणि एक जिना यापलीकडे काही काढता आलं नाही. ज्या घरात मी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या, त्याची मला इतकीच माहिती होती.

त्या बोळात आम्ही दिवसचे दिवस काढले. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं मैत्रिणीकडे. नागपूरचा मित्र छत्री धरून आकडे लिहायचा. एका टोकाला रुंदी 1.42 मीटर, दुसऱ्या टोकाला 1.36. तिसऱ्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहायच्या. आमचं पोर्तुगीज तोडकंमोडकं, पण आजीच्या घरातल्या वस्तू आम्हाला आधीच ओळखत होत्या. बटाट्याला बटाटाच. किल्लीचा शब्द ऐकला की चावी आठवावी, बादलीचा ऐकला की बालदी. मैत्रिणीनं सांगितलं की आपलं घमेलंही याच भाषेतून आलं. बांधकामाच्या साइटवर रोज ऐकलेला तो शब्द इतक्या लांबून आला असेल हे मला ठाऊक नव्हतं.

1974 च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली तेव्हा आजी तरुण होत्या. त्यानंतर सरकारनं साआल नावाची योजना काढली. आर्किटेक्ट आणि विद्यार्थ्यांचे गट वस्त्यांत जाऊन रहिवाशांबरोबर बसायचे आणि घरं कशी हवीत ते ठरवायचे. योजना जेमतेम दोन वर्षं चालली. "तुमच्यासारखीच मुलं आली होती तेव्हाही, टेप घेऊन," आजी म्हणाल्या. त्यांच्या बेटापर्यंत काम पोचलंच नाही. सिझांची बोसा ही वसाहत त्याच काळातली. निम्मी बांधून थांबली आणि 2006 मध्ये पुरी झाली. आम्ही ती बघायला गेलो तेव्हा वरच्या घरांपुढच्या उघड्या गॅलरीत एक बाई उभ्यानं शेंगा सोलत खालच्या मुलाला ओरडत होती. मी वहीत गॅलरी काढायला घेतली आणि बराच वेळ ती बाईच काढत बसले.

सिझांचे लेसाचे समुद्राकाठचे पोहण्याचे तलावही बघितले, 1966 चे. काँक्रीटच्या अंधाऱ्या खोल्यांतून वळत गेल्यावर एकदम समोर येणारा अटलांटिक विसरणार नाही. पण त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

23 जूनच्या रात्री पोर्तोत सेंट जॉनचा सण असतो. मैत्रीण सकाळपासून म्हणत होती, "हे आमचं सांजांव." गोव्यात या सणाला माणसं विहिरींत उड्या मारतात. इथे कोळशावर सार्डिन भाजतात आणि प्लॅस्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यात टपल्या मारतात. आजीच्या बोळात पताका लागल्या होत्या. घराघरांतली टेबलं बाहेर आणून एकाला एक जोडली होती. 1.42 मीटरमध्ये टेबल आणि एकाच बाजूला खुर्च्या, एवढंच मावत होतं. दुसऱ्या बाजूची माणसं आपापल्या उंबऱ्यावर बसून जेवली. माझ्या आजीच्या चाळीत गणपतीत पंगत गॅलरीत बसायची, आणि वाढणारा कसा जायचा ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. ती चाळ मी आठवीत असताना पाडली. कुणाकडे नकाशा नाही. फोटो आहेत, पण ते बारशाचे आणि मुंजीचे. माणसांच्या मागे भिंत नुसती धूसर.

"आई, आजीच्या गॅलरीची रुंदी किती होती गं?"

"रुंदी कुणी मोजलीय? कमरेवर हंडा घेऊन बाई आली की समोरच्या बाईनं दाराच्या चौकटीत शिरायचं. नाहीतर पाणी सांडायचं."

मी बोळातल्या आजींकडे गेले आणि त्यांची बालदी मागितली. पाण्यानं भरून कमरेवर घेतली. मैत्रीण समोरून यायची आणि मित्र भिंतीपासून एक फळी थोडी थोडी आत सरकवायचा. आजी दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. 1.20 ला आम्ही दोघी अंग चोरून गेलो. 1.10 ला मैत्रिणीला आजींच्या दारात शिरावं लागलं आणि माझा डावा बूट भिजला.

रात्री 1.10 धरून गॅलरी काढली. मग खोल्या, दारं, टोकाचा नळ, जिन्याखालची दुधाच्या बाटल्यांची जागा. फोटो काढून आईला पाठवला. तिकडे पहाट झाली होती. उत्तर लगेच आलं : "दारं बाहेर उघडतात असं दाखवलंयस. ती आत उघडायची."