कोनाच्या वळखीनं आले?

घाटंजीत अनोळखी माणूस दुकानाच्या पायरीवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोनाच्या वळखीनं आले?" पाहुणा कुणाचे तरी नाव सांगतो, पारव्याचा साडभाऊ, आर्णीचा व्यापारी, कुणीही. नाव पटले की स्टूल पुढे सरकते, चहा सांगितला जातो. नाही पटले तर माणूस उभ्याउभ्याच बोलून परत जातो. गुगलही वेबसाइटला नेमके हेच विचारते, हे कळायला मला या धंद्यातली तीन-चार वर्षे घालवावी लागली.

माझे दुकान ऑनलाइन कामांचे. सकाळी सातबारा, पीकविमा, पोरांचे भरतीचे अर्ज. दुपारी गर्दी ओसरली की वेबसाइटी. त्यातली एक काकाजींची. काकाजी फवारणीचे पंप दुरुस्त करतात, दुसरे काही नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला लागली की त्यांच्या टिनाच्या शेडपुढे पाठीवरच्या पंपांची रांग लागते, ती दिवाळीपर्यंत हटत नाही. सोळा लिटरची टाकी, बारा व्होल्टची बॅटरी, आत मुठीएवढी मोटर. कुणाचा डायफ्रॅम फाटलेला, कुणाचा वॉशर झिजून झाकणातून औषध पाठीवर झिरपणारे. त्यांच्या पुतण्याच्या हट्टापायी साइट झाली. दोन महिने कुणी फिरकले नाही. काकाजी मला म्हणाले, "पैसे तर घेतले, मंग गिऱ्हाईक काहून येत नाही?"

मी त्यांना लिंकचे प्रकरण समजावू लागलो. १९९८ साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गुगल काढले, ते एका साध्या हिशोबावर. एखाद्या पानाकडे दुसरी किती पाने बोट दाखवतात आणि त्या बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची पत काय, यावर त्या पानाची किंमत. संशोधक आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा हवाला देतात, त्यातूनच ही कल्पना आली. काकाजी पाना ठेवून म्हणाले, "म्हंजे सोयरिकीत इचारपूस करते तसं. पोरगा कसा आहे, ते पोराच्या बापाले थोडीच इचारते कोनी?" यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही.

व्याख्या त्यांना कळली. मला कळली नव्हती. कारण त्यानंतर मी पहिले काम केले ते लिंका विकत घेण्याचे. दोन हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक, आठ दिवसांत. विकणाऱ्याने यादीही पाठवली. ती उघडून पाहिली तेव्हा कपाळावर हात मारला. परदेशातले ऑनलाइन जुगार, केस वाढवायची तेले, कुठलीशी बंद पडलेली मासिके, आणि या सगळ्यांनी मिळून घाटंजीच्या फवारणी पंपाची शिफारस केलेली! असली युक्ती एके काळी चालायची. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या शिफारशींवर चढलेल्या साइटी खाली आपटल्या. त्याच वर्षी नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोयही दिली. हे मला पैसे दिल्यावर वाचायची बुद्धी झाली. दोन हजार माझ्याच खिशातून गेले. काकाजींना अजून सांगितलेले नाही.

खरे काम सुरू झाले ते त्यांच्या शेडमध्ये बसल्यावर. एक शेतकरी तुंबलेले नोझल घेऊन आला. बोलता बोलता त्याने ते तोंडाला लावले आणि फुंकर मारायला गाल फुगवले. काकाजींनी त्याच्या हातावर फटकाच मारला. नोझल पितळेचे, कडेला पांढरट थर वाळलेला. "हे जहर आहे बाप्पा!" मग त्यांनी जुना दातांचा ब्रश काढला, नोझल पाण्याने धुतले, ब्रशने घासले, उजेडाकडे धरून भोक पाहिले. तार घालायची नाही म्हणाले. तारेने भोक मोठे होते, औषध जास्त पडते आणि तुषार बिघडतो. मी मोबाइल काढून ते सारे टिपले.

यवतमाळ जिल्ह्यात हे सांगावे लागते, याला कारण आहे. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, दाट झाली होती, आणि माणूस तिच्यात शिरून फवारत होता. चौकशीत जहाल औषधांच्या मिश्रणांबरोबर जोरदार दाबाच्या, बारीक तुषार सोडणाऱ्या पंपांचाही विषय निघाला. काकाजी त्या हंगामाबद्दल फारसे बोलत नाहीत. झाकणाचा वॉशर मात्र ते तेव्हापासून न विचारता बदलतात.

तीन संध्याकाळी बसून आम्ही एकच पान लिहिले. झाकण गळते का, हे साधे पाणी भरून कसे पाहावे. कीटकनाशकाला कोणते नोझल, तणनाशकाला कोणते. तणनाशकाचा पंप पऱ्हाटीच्या पंपापासून वेगळाच का ठेवावा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश टाकीत राहिला तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी होतात, हे ज्याने भोगले त्याला पटवावे लागत नाही. काकाजींनी एकच शब्द खोडायला लावला : तज्ज्ञ. "मिस्तरी लिही."

मग मी माणसे गाठायला निघालो. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि सगळा धंदा इथेच आहे. कृषी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना पान पाठवले. त्यांनी विद्यार्थ्यांच्या वाचनयादीत त्याची लिंक दिली. एका शेतकरी कंपनीने स्वतःच्या साइटवर फवारणीच्या सूचनांखाली दिली. एका कृषी केंद्रवाल्याने नकार दिला. पंप दुरुस्त झाले तर नवे कोण घेईल, असे तो तोंडावर म्हणाला. प्रामाणिक माणूस.

लिंकांच्या बाबतीत टिपेश्वर अभयारण्याच्या वाटेवर लॉज चालवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. २०१९ मध्ये तिथला एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन निघाला, तेराशे किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि जगभरच्या बातम्यांत टिपेश्वरचे नाव झळकले. पंपाच्या वॉशरला असा वाघ कुठून आणायचा?

पेपरात नाव आले की काम झाले, असेही नाही. काकाजींवर एका पेपरात छान बातमी आली, फोटोसकट. पुतण्याने कात्रण फ्रेम केले. पण ई-पेपर म्हणजे पानाचे चित्र. त्यावर लिंक लागत नाही. व्हॉट्सॲपवर ते पाचपन्नास ग्रुपांत फिरले, तेही गुगलला दिसत नाही. मात्र त्या आठवड्यात फोन वाजत राहिला, हे कबूल केले पाहिजे. प्रसिद्धी वेगळी आणि लिंक वेगळी. गिऱ्हाइकाला पहिली पुरते.

शिवाय आमच्यासारख्या धंद्याला नकाशावरची नोंद लिंकेपेक्षा आधी लागते. शोधणारा किती जवळ, दुकान त्याच्या कामाचे आहे का आणि त्याचा बोलबाला किती, या तिन्हींवर गुगल स्थानिक दुकाने दाखवते. काकाजींचे दुकान तीन ठिकाणी तीन नावांनी होते आणि एका ठिकाणी पुतण्याचा बंद पडलेला नंबर. ते एकसारखे करायला अर्धा दिवस लागला. विकतच्या पाचशे लिंकांनी जे झाले नाही, ते त्या अर्ध्या दिवसाने केले.

आजघडीला त्या पानाकडे येणाऱ्या खऱ्या लिंका दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. तेवढ्यांवर "फवारणी पंप दुरुस्ती" असे शोधणाऱ्याला काकाजी सापडतात.

जिल्ह्यातल्या वार्ताहर मित्रांना, संस्था आणि महाविद्यालयांच्या साइटी सांभाळणाऱ्यांना एक विनंती आहे. गावातल्या एखाद्या मिस्तऱ्याचे, शिंप्याचे, रोपवाटिकेचे नाव तुम्ही वेबवर लिहाल आणि त्याची साइट असेल, तर नुसते नाव छापून थांबू नका. त्या नावावर लिंक द्या. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.