बॉनेटला नाक

स्कूप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आइस्क्रीम येतं. डेट्रॉइटच्या आसपासच्या माणसापुढे हा शब्द उच्चारा, त्याला गाडीच्या बॉनेटवरचा उंचवटा दिसेल. पुढून तोंड उघडं आणि मागे उतरत गेलेला. आपल्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवर होता ना, तोच प्रकार. (इथे बॉनेटला हूड म्हणतात आणि डिकीला ट्रंक. येऊन तीन वर्षं झाली, पण माझ्या तोंडात अजून बॉनेटच आहे. तेव्हा इथेही तेच चालवून घ्या.)

तर मंडळी, गेले तीन शनिवार ऑफिसचा लॅपटॉप न उघडता मी शेजारच्या गॅरेजमध्ये फायबरग्लासची धूळ खात होतो. शेजारी एक आजोबा राहतात. वय ७८. आयुष्यातली ३१ वर्षं त्यांनी एका कार कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढली. म्हणजे सपाट पत्रा आत जातो आणि दुसऱ्या बाजूने दार किंवा बॉनेट होऊन बाहेर पडतो, त्या अजस्र मशिनवर. त्यांच्याकडे १९६७ ची मस्टँग आहे. गडद हिरवी, २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन. लिटरमध्ये ४.७, म्हणजे मारुती ८०० ची जवळजवळ सहा इंजिनं! १९७१ साली त्यांनी ती जुनी म्हणून घेतली आणि त्यानंतर कधी जुनी होऊ दिली नाही.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. गाडी नातवाला द्यायची ठरली. नातू १९ वर्षांचा, गुणी आहे, हाताने काम करायची आवड आहे. त्याची एकच मागणी होती. बॉनेटवर स्कूप बसवायचा. फायबरग्लासचा, बाहेरून विकत घेतलेला.

आजीच्या पैठणीचा ड्रेस शिवायचाय म्हटल्यावर आपल्याकडे घरात जी शांतता पसरते, ती मी त्या गॅरेजमध्ये पाहिली.

नातवाची हौस अगदीच अस्थानी नाही. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मस्टँगला फायबरग्लासचं बॉनेट होतं आणि त्यावर खरा, हवा घेणारा स्कूप होता. त्याआधी १९६४ मध्ये फोर्डने ड्रॅग रेसिंगसाठी थंडरबोल्ट काढली, तिच्या बॉनेटवर तर अश्रूच्या आकाराचं मोठं टेंगूळच होतं, कारण खालचं इंजिन एरवी मावलंच नसतं. पण मग या प्रकाराची फॅशन झाली, आणि फॅशन झाली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. १९६९ च्या मस्टँग माख-१ वर कंपनीतूनच जो स्कूप यायचा तो निव्वळ शोभेचा होता. आत बंद! खरा हवा असेल तर जास्त पैसे मोजून मोठ्या इंजिनाबरोबर 'शेकर' घ्यायचा. तो बॉनेटवर नसायचाच, थेट इंजिनच्या एअर क्लीनरवर बसवलेला असायचा आणि बॉनेटच्या भोकातून वर डोकं काढायचा. इंजिन थरथरलं की तोही थरथरायचा, म्हणून शेकर. प्लिमथच्या १९७० च्या रोडरनरवर बटण दाबलं की बॉनेटमधून झडप वर यायची आणि तिच्या बाजूंवर शार्कचे दात रंगवलेले असायचे. आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे १९६९ ची एससी-रॅम्बलर. तिच्या खोक्यासारख्या स्कूपकडे जाणारा मोठ्ठा बाण बॉनेटवर रंगवलेला, आणि सोबत अक्षरं, 'एअर'. हवेला पत्ता चुकायला नको! :)

पहिला शनिवार वादातच गेला. आजोबांचं म्हणणं, स्कूपचा उपयोग शून्य. मी मेकॅनिकलचा नाही, पण इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली आहेत, तेव्हा कागद घेऊन बसलो. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणारी हवा पूर्ण अडवली तरी जो जास्तीचा दाब मिळतो, तो वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. १६० ला गेलात तरी सव्वा टक्क्याच्या आत. त्यातून स्कूपचं तोंड बॉनेटला चिकटलेलं असेल तर तिथली हवा आधीच मंदावलेली असते. म्हणूनच १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये त्यांनी तोंड उलटं, मागे काचेकडे ठेवलं. काचेच्या पायथ्याशी हवा तुंबते आणि दाब जास्त असतो.

म्हणजे आजोबा बरोबर? अर्धे. कारण खरा फायदा दाबाचा नसतोच, तो तापमानाचा असतो. बॉनेटखाली ६० अंश आणि बाहेर ३० असेल, तर बाहेरची हवा साधारण दहा टक्के जास्त दाट. तेवढा ऑक्सिजन जास्त. फक्त ती हवा कार्ब्युरेटरपर्यंत थंड पोचायला हवी, आणि त्यासाठी स्कूपखाली पत्र्याला भोक हवं.

इथे खरा पेच होता. नातू म्हणाला, भोक नको, नुसता चिकटवू. त्याला वाटलं, आजोबांना तेवढंच बरं वाटेल. (आपल्याकडे डबल टेपवाले प्लॅस्टिकचे स्कूप आल्टोवर चिकटवतात, त्यातलंच.) तर आजोबा उसळले. लावायचाच असेल तर तो श्वास घेणारा लावायचा, नाहीतर लावायचाच नाही. मग मी सॉफ्टवेअरवाल्याला शोभेल असा मार्ग सुचवला. आजकाल या गाडीची हुबेहूब नवी बॉनेटं मिळतात. एक आणू, त्यावर काय ती कापाकापी करू आणि मूळचं भिंतीवर टांगून ठेवू. बॅकअप. मूळ पत्रा शाबूत असला की अशा गाडीची किंमतही टिकते.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी त्याच्याकडे आणि बॉनेट माझ्या भिंतीवर. मग मी गाडी दिली असं कसं म्हणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नातवाकडेही नव्हतं. मूळचंच बॉनेट कापायचं ठरलं.

आता कामाविषयी. फायबरग्लासचा स्कूप खोक्यातून काढून थेट बसला असं कधी होत नाही. आमचाही ठेवल्या ठेवल्या डुगडुगत होता, कारण त्याची कड आणि बॉनेटचा बाक जुळत नव्हता. बॉनेटवर मास्किंग टेप चिकटवून मधली रेघ काढली. चारी कोपऱ्यांपासून मोजून, नुसत्या नजरेने नाही. स्कूप रेघेवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली, जिथे टेकतो तिथे घासायचं, परत ठेवायचा, परत घासायचं. दुसरा शनिवार यातच संपला. घासण्याआधी साच्याचं मेण सॉल्व्हंटने पुसून घ्यावं लागतं, नाहीतर पॉलिश पेपर तेच मेण आत चोळतो आणि पुढे रंग धरत नाही. आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती धूळ अंगाला लागली की खाजकुयली बरी. आंघोळ गार पाण्याने करा, हा आजोबांचा सल्ला. गरम पाण्याने ती आणखी आत शिरते म्हणे.

बॉनेट बंद केल्यावर एअर क्लीनरच्या वर किती जागा उरते, हेही बघायचं होतं. पुस्तकात क्ले वापरा लिहिलेलं असतं. ती नव्हती, म्हणून मी घरून कणकेचे चार गोळे आणले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. एअर क्लीनरवर ठेवले, बॉनेट अलगद टेकवलं, उघडलं आणि चपटे झालेले गोळे पट्टीने मोजले. सगळ्यात पातळ १८ मिलिमीटर. त्यावरून वरच्या फोमच्या रिंगची जाडी ठरली. ही रिंग बॉनेटच्या खालच्या बाजूला दाबून बसते, म्हणजे बाहेरची हवा थेट फिल्टरमध्ये जाते आणि इंजिनची गरम हवा बाहेर राहते. बायकोने त्या कणकेचं पुढे काय झालं असं विचारलं. पोळ्या केल्या नाहीत, एवढंच सांगतो.

स्कूप बसवायचा कसा, हा आणखी एक वाद. नातवाला जोड लांबीने (म्हणजे पुट्टीने) भरून बॉनेटमध्ये मिसळून टाकायचा होता. दिसायला ते सुंदर दिसतं. पण फायबरग्लास उन्हाने पोलादापेक्षा जास्त फुगतो. मिशिगनचा हिवाळा आणि उन्हात तापलेलं बॉनेट, यांतला फरक धरला तर ६० सेंटिमीटरच्या स्कूपमागे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ओढाताण. दोनचार वर्षांत रंगाखालून जोडाची रेघ वर येणार. म्हणून आम्ही खालून बोल्ट लावले, भोकं किंचित मोठी ठेवली आणि मध्ये पातळ रबर. जोड दिसतो. दिसू दे.

तिसऱ्या शनिवारी कापणी. बिजागऱ्यांभोवती मार्करने खुणा केल्या, म्हणजे परत लावताना फटी पूर्वीसारख्या येतील. बॉनेट काढून दोन लाकडी घोड्यांवर उलटं ठेवलं, खाली माझी सोलापुरी चादर. आतल्या बाजूला पत्र्याला ताठ ठेवणारा सांगाडा असतो. त्याला हात लावायचा नाही, भोक त्याच्या मधल्या जागेतच. चार कोपऱ्यांना आधी गोल भोकं पाडायची, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो. मग बारीक दातांच्या पात्याचा जिगसॉ. ग्राइंडर नको, त्याच्या उष्णतेने पत्रा वाकतो.

खुणा आजोबांनी केल्या. डोळ्यांना नीट दिसत नाही, तर बोटांनी सांगाडा चाचपत, मी पट्टी धरली. कोपऱ्यांची चारही भोकं त्यांनीच पाडली. मग जिगसॉ उचलला, एकदा रिकामा चालवून बघितला आणि नातवाच्या हातात दिला. नातू म्हणाला, तुम्हीच करा. आजोबा म्हणाले, "कापताना ढकलू नकोस. पात्याला त्याचं काम करू दे."

बरोब्बर अकरा मिनिटं लागली. (हो, मी बघितलं घड्याळ.) आजोबा पूर्ण वेळ शेजारी उभे होते, एक हात पत्र्यावर. कंप समजतो म्हणाले. तुकडा खाली पडला तेव्हा त्यांनी तो उचलला, कडेची जाडी अंगठ्याने बघितली आणि भंगारच्या डब्यात टाकला. मला वाटलं होतं ठेवून घेतील. नाही ठेवला.

नंतरचं किरकोळ. कापलेल्या कडा कानशीने घासून त्यांवर प्रायमर, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. पावसाचं पाणी कार्ब्युरेटरमध्ये जाऊ नये म्हणून आत एक पन्हळ आणि बाहेर सोडणारी नळी. जुन्या बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा थकलेल्या होत्या, वाढलेल्या वजनाने बॉनेट वर टिकेना, त्या बदलल्या.

आता भांडण रंगाचं आहे. एवढ्या वर्षांच्या उन्हाने उतरलेली हिरवी छटा कुठल्याच कोडशी जुळत नाही. पेंटर म्हणतो, अख्खी गाडी रंगवा. नातू म्हणतो, बॉनेट काळं करू. आजोबा म्हणतात, गाडी तुझी आहे, आणि तोंड फिरवून बसतात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून, जुन्या गाड्यांची जत्राच. तोवर मिटलं नाही तर राखाडी प्रायमरमध्येच जायचं ठरलंय. नातू चालवणार, आजोबा शेजारी. मागच्या सीटवर मी, गुडघे हनुवटीला लावून.