धण्याचा वास, मधाचा पत्ता नाही!

‘तू इंडियाची ना? मग मसाल्यातलं तुला कळणारच!’ असं म्हणून शेजारच्या आजोबांनी माझ्या हातात एक फॉर्म ठेवला. एकूण पन्नास मार्क, पाच रकाने आणि खाली जजची सही. मी जज! मी आजवर परीक्षण केलंय ते फक्त एका कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेचं, आणि तेही खरे परीक्षक ट्रॅफिकमध्ये अडकले म्हणून.

स्थळ : बेल्जियममधलं ल्यूवेन. महिना ऑक्टोबर. माझा मावसभाऊ नोकरीसाठी इथे येऊन स्थायिक झालाय. दादा, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची चिमणी. शेजारचे आजोबा म्हणजे निवृत्त शाळामास्तर. चिमणी त्यांना ‘ओपा’ म्हणते. डचमध्ये ओपा म्हणजे आजोबा. त्यामुळे सगळं घरच त्यांना ओपा म्हणतं, मीही दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले. ओपांचा छंद गॅरेजमध्ये बिअर बनवण्याचा. आपल्याकडे परवान्याशिवाय असला छंद जोपासला तर थेट पोलीस स्टेशनची वारी. तिथे मात्र ते कुंडीत टोमॅटो लावण्याइतकं साधं.

या वेळी ओपांनी केली होती गव्हाची बिअर. त्यात धणे, संत्र्याची साल आणि मध. नोव्हेंबरमध्ये हौशी मंडळींची एक स्पर्धा होती आणि त्याआधी त्यांना बाहेरच्या माणसाचं मत हवं होतं. शेजारी खोटं बोलतात, ते म्हणाले. पाहुणे खरं बोलतात, कारण त्यांचं परतीचं तिकीट काढलेलं असतं.

आता यात मजाच मजा होती. पण रात्री भांडी आवरताना वहिनी म्हणाली, ‘अगं, जरा सांभाळून हं. तो मध त्यांच्या बायकोचा आहे.’ ओपांच्या बायकोनं अंगणात मधमाश्या पाळल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. पेट्या कुणीतरी नेल्या आणि फडताळात तीन बरण्या उरल्या. त्यातल्या दोन या बिअरमध्ये गेल्या होत्या.

झालं कल्याण!

परीक्षा रविवारी, म्हणून अभ्यास शनिवारी. दादाचा फंडा सरळ होता : धणे आणि संत्र्याच्या सालीची गव्हाची बिअर ज्या गावामुळे जगाला कळली, ते गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. आधी तिथली पिऊन ये, मग मार्क दे. मी आईला फोनवर सांगितलं, एक जुनं चर्च बघायला चाललेय. खोटं नव्हतं. चर्च आहे तिथे.

ल्यूवेनहून ट्रेननं टीनेन गाठायला पाव तासाच्या आसपास लागतो. टीनेन हे साखरेचं गाव. हे मला कुणी सांगायची गरजच पडली नाही, कारण स्टेशनाबाहेर रस्त्यावर शुगर बीटनं ठासून भरलेले ट्रेलर चालले होते. शरद ऋतू म्हणजे तिथला गाळपाचा हंगाम. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. ऊस नाही, ट्रॅक्टरवर वाजणारी गाणी नाहीत, पण मागून येणाऱ्या गाड्यांचे तेच हताश चेहरे! तिथून बसनं जेमतेम पाच किलोमीटर गेलं की आलं हूगार्डन.

आपल्याकडे पबच्या मेन्यूत हे नाव वाचून आपण ‘होएगार्डन’ मागवतो. बेल्जियममध्ये तसं म्हटलंत तर लोक हसत नाहीत, पण बघतात. ‘हू’ म्हणायचं आणि ‘ग’ घशातून काढायचा, सकाळी गुळण्या करतो तसा. मला जमलं नाही. दादाला इतकी वर्षं राहूनही जमत नाही.

गाव सात हजारांच्या आसपास वस्तीचं. चौक, लाल विटांची घरं, उंचावर सेंट गोर्गोनियसचं अठराव्या शतकातलं चर्च (आतून बघितलं, आईची शप्पथ) आणि हवेत कधी शिजलेल्या धान्याचा, पेजेसारखा वास. त्याच अठराव्या शतकात एवढ्याशा गावात तीसहून जास्त ब्रुअरी होत्या म्हणे. आसपासची जमीन गव्हाची, आणि संत्र्याची साल यायची डच जहाजांतून. कॅरेबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरची ही संत्री खायला कडू जहर, पण सालीचा सुगंध असा की विचारू नका.

मग पिल्सनर आली. स्वच्छ, सोनेरी, पारदर्शक. त्या झगमगाटापुढे गावठी गढूळ बिअर कोण पिणार? एकेक ब्रुअरी बंद पडत गेली आणि १९५७च्या सुमारास टॉमसिन नावाची शेवटची ब्रुअरीही बंद झाली. पांढरी बिअर संपली. त्यानंतर जवळपास दहा वर्षं गावात ती कुणीच बनवत नव्हतं.

ती परत आणली पिएर सेलिस या दूधवाल्यानं! टॉमसिनची ब्रुअरी त्यांच्या घराशेजारी होती आणि पोरवयात त्यांनी तिथे हाताखाली काम केलं होतं. गावातली म्हातारी माणसं जुन्या बिअरची आठवण काढून उसासे टाकायची. सेलिस यांनी चाळिशीत, १९६६मध्ये, पुन्हा कढई चढवली. भांडवल फारसं नाही, पण चव जिभेवर होती. मला या माणसाबद्दल जाम आदर वाटला. आजीच्या हातची एक आमटी आठवून करायला गेले, तर मला कोकम की चिंच तेही सांगता येत नाही.

पुढची गोष्ट मात्र एखाद्या मालिकेसारखी आहे. धंदा वाढला. १९८५मध्ये ब्रुअरीला आग लागली. विमा पुरेसा नव्हता, पैसा आला मोठ्या कंपनीकडून, आणि मग हळूहळू ब्रुअरीही तिचीच झाली. सेलिस बाहेर पडले आणि १९९२मध्ये थेट टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये तशीच बिअर ‘सेलिस व्हाइट’ या नावानं विकायला लागले. २०११मध्ये ते गेले. इकडे २००५मध्ये कंपनीनं जाहीर केलं की उत्पादन हूगार्डनमधून हलवून लीएजजवळच्या युपीलला न्यायचं. गाव रस्त्यावर उतरलं. २००७मध्ये निर्णय फिरला. बिअर गावातच राहिली, आणि गावच्या नावाची बिअर दुसऱ्याच गावाहून मागवण्याची वेळ टळली.

हे सगळं दादा मला चौकातल्या कॅफेत सांगत होता आणि मी जाडजूड षटकोनी ग्लासकडे बघत होते. ओतायचीही रीत आहे. बाटलीतली दोन-तृतीयांश आधी ओतायची, मग उरलेली गोल फिरवायची आणि तळाच्या यीस्टसकट ग्लासात सोडायची. लिंबाच्या पाण्यासारखा रंग, वर पांढराशुभ्र फेस. पहिला वास संत्र्याचा. मागून धणे, पण फोडणीतले नाहीत, आई उन्हात वाळवते तेव्हाचे. चव हलकी, किंचित आंबूस, कडवटपणा जवळपास नाहीच. ४.९ टक्के अल्कोहोल.

माझं प्रामाणिक मत? छान आहे, पण जरा जास्तच सभ्य आहे. लग्नासाठी बघायला आलेल्या मुलासारखी. कशावरच ठाम मत नाही. जुनी टॉमसिनची बरीच आंबट असायची म्हणे. मला ती प्यायला आवडली असती. तशी ही चव आपल्याला नवी नाही. २०१५मध्ये बिरा ९१ आपल्याकडे आली तेव्हा सुरुवातीला तीही बेल्जियममध्ये बनूनच येत होती, आणि तिच्या व्हाइटमध्येही धणे आणि संत्र्याची सालच होती.

परतीच्या ट्रेनमध्ये मी ओपांनी दिलेली कागदपत्रं काढली. अमेरिकेत १९८५मध्ये सुरू झालेल्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा तो फॉर्म. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त तीन! (आपल्याकडच्या कांदेपोह्यांना हे लागू करायला हवं.) सोबत जोडलेल्या माहितीत एक वाक्य होतं. काही ठिकाणचे धणे वापरले तर बिअरला हॅमचा किंवा सेलरीचा वास येतो, आणि तो दोष धरावा. धण्याला हॅमचा वास? मी हसले आणि पान उलटलं.

रविवार, दुपारी चार. ओपांचं स्वयंपाकघर. टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ. बिअरवाले वाइनवाल्यांसारखं थुंकत नाहीत, गिळतात, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. ओपांनी बाटली उघडली. रंग सुंदर, मधासारखाच. फेस घट्ट. तीनपैकी तीन. मी ग्लास नाकाशी नेला.

हॅम.

शपथेवर सांगते, हॅम सँडविच उघडल्यावर येतो तोच वास. हाताच्या उबेनं ग्लास जरा गरम केला, पुन्हा हुंगला. आता हॅमच्या मागे ओली सेलरी. एक घोट. कोरडी, पातळ. दुसरा घोट, डोळे मिटून, फक्त मध शोधायला. तिसरा. मध कुठेच नव्हता. गोडवा सोडा, आठवणसुद्धा नव्हती.

ओपा माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीतून अंगणात बघत होते, जिथे गवतात चार चौकोन अजून जरा वेगळ्या रंगाचे होते. दादानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्याचा अर्थ ‘खरं सांग’ की ‘गप्प बस’, हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही.

मी पेन उचललं. वास ५. दिसणं ३. चव ८. तोंडातली जाणीव ३. एकूण ५. बेरीज २४. त्या तक्त्यात एकवीस ते एकोणतीस म्हणजे ‘गुड’, पण तो दिलाशाचा ‘गुड’. सही केली आणि कागद सरकवला. ओपांनी चष्मा लावून वाचला. मग एकच प्रश्न विचारला, ‘मध?’

‘नाही लागत,’ मी म्हटलं.

मला वाटलं आता रडारड होणार. पण मास्तर तो मास्तरच. त्यांनी वही काढली. मध कधी घातला होता? उकळताना, तासभर आधी, म्हणजे जंतू मरतील. तिथेच घोळ झाला होता. मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतं, आणि यीस्ट ते जवळपास सगळं खाऊन टाकतं. गोडवा उरतच नाही, उलट बिअर कोरडी आणि सडपातळ होते. मागे राहू शकतो तो फक्त फुलांचा वास, आणि तो तासभराच्या उकळीत वाफेवर निघून जातो. मध गोड लागेल ही आपली समजूत असते, यीस्टला ती कुणी सांगितलेली नसते. मध टिकवायचा तर आच बंद केल्यावर, किंवा आंबायला लागल्यावर घालायचा. ओपांना हे ऐकून माहीत होतं. फक्त त्या बरण्यांवर प्रयोग करायची भीती वाटली, म्हणून त्यांनी नेहमीच्या सवयीनं सगळं उकळलं.

धण्याचा शोध जास्त सोपा निघाला. त्यांची बरणी आणली. बारीक, गोल, तपकिरी दाणे, किती वर्षांचे ते बरणीलाच ठाऊक. वहिनी घरी धावली आणि मसाल्याचा डबा घेऊन आली. आपले धणे लांबट, फिकट, हिरवट-पिवळे. खलबत्त्यात दोन्ही वेगवेगळे कुटले. ओपांनी एकदा इकडे नाक नेलं, एकदा तिकडे, आणि डचमध्ये काहीतरी बोलले. ते दादानं चिमणीसमोर भाषांतर करायला नकार दिला. मग त्यांनी शेल्फवरून होमब्रुइंगचं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात या बिअरसाठी धणे भारतीय दुकानातून घ्या, असं स्वच्छ लिहिलेलं. बाजूला त्यांनीच पेन्सिलनं मारलेली खूण होती!

निघताना मी विचारलं, तिसरी बरणी? ओपांनी फडताळ उघडून दाखवली. अजून सीलबंद. ‘बघू,’ म्हणाले.

नोव्हेंबरच्या स्पर्धेत त्यांनी काहीच पाठवलं नाही. मी तोवर पुण्यात परत आले होते, डेडलाइन्स आणि खड्ड्यांमध्ये. डिसेंबरच्या शेवटी एका रात्री वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तेच स्वयंपाकघर, तोच टेबलक्लॉथ, वहिनीच्या हातात पेन. मागे फडताळात ती बरणी दिसत होती, अर्धी भरलेली.

‘एकतीस दिले,’ वहिनी म्हणाली. ‘चवीला अजून पाणचटच आहे गं. पण धणे मस्त.’

‘आणि मध?’

‘येतो की वास. पण बाटली उघडल्या उघडल्या, पहिल्या मिनिटात. नंतर जातो.’ तिनं फोन वळवला. ओपा दुसरी बाटली उघडत होते आणि ग्लासात न ओतता तशीच नाकाशी धरून बसले होते.